रा. रा. ऐरावत यांस अनावृत पत्र

प्रति,
रा. रा. ऐरावत,
इंद्रदेवांचे अधिकृत वाहन (राखीव),
स्वर्गलोक.

सा. न. वि. वि.

आपली-आमची ओळख नाही. पण आपण ज्या गावी बरे झालात, त्या तमिळनाडूतल्या दारासुरम्च्या लोकांना हल्ली बरं व्हायला परगावी जावं लागतं आणि न्यायला कोणी येत नाही, म्हणून मधली सगळी टेबलं टाळून थेट आपल्याला लिहितो आहे. शिवाय या विषयात आपल्याइतका जाणकार त्रैलोक्यात दुसरा नाही. आपण रुग्णही होतात आणि वाहनही. दवाखान्यात कसं जायचं हा प्रश्न ज्याला पडलाच नाही, असा रुग्ण आपल्याशिवाय माझ्या तरी ऐकिवात नाही.

आपला केसपेपर सर्वांना ठाऊक आहे. दुर्वासांनी इंद्रदेवांना दिलेली माळ आपण पायदळी तुडवलीत, शाप लागला, अंगाचा शुभ्र रंग गेला. दारासुरम्ला येऊन महादेवाची उपासना केलीत, रंग परत आला, आणि देवालाच आपलं नाव पडलं : ऐरावतेश्वर. तुमच्यामागून यमराज आले. त्यांना कुणा ऋषीच्या शापानं सर्वांगाचा दाह होत होता. इथल्या कुंडात उतरले, दाह शमला. कुंडाला यमतीर्थ म्हणतात. आता गंमत पाहा. गावात आलेले पहिले दोन नामांकित रुग्ण, त्यातला एक स्वतःच वाहन आणि दुसऱ्याकडे घरचा रेडा. तेव्हापासून सरकारची अशी समजूत झालेली दिसते की रुग्ण म्हटला की तो आपला आपण येतोच.

बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळानं इथं देऊळ बांधलं आणि पुढच्या मंडपाला रथाचा आकार दिला. मोठमोठी दगडी चाकं, जुंपलेले घोडे. आठशे वर्षांहून अधिक काळ हा रथ 'आत्ता निघतो' अशा आवेशात उभा आहे. २००४ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशात घेतलं, म्हणजे आता तो हलण्याची आशाच नको. आमच्या महाराष्ट्रातून सहलीला आलेली मंडळी चाकाला हात लावून फोटो काढतात, पायऱ्यांतून सूर निघतात म्हणे, असं एकमेकांना सांगतात, जाळीआडच्या पायऱ्या बघून हळहळतात आणि इडली खायला जवळच्या कुंभकोणम्ला जातात. त्यांची गाडी बाहेर उभी असते.

चोळांच्या नावानं खरोखर चालणारी गाडीही इथं होती, हे सांगायला हवं. १९७२ साली कुंभकोणम्ला चोलन रोडवेज नावाचं सरकारी परिवहन महामंडळ निघालं. आज ते राज्याच्या परिवहन मंडळात मिसळलं असलं तरी मुख्यालय कुंभकोणम्लाच आहे. शेजारच्या कर्नाटकानं तर वातानुकूलित व्होल्वो बसला आपलंच नाव दिलंय, हे आपल्या कानावर आलं असेलच. तीत बसायला आजारी असावं लागत नाही, पैसे असावे लागतात.

आता मूळ मुद्दा. इकडे सरकारी वाहन मिळवायचं तर माणसाची अवस्था ठरलेली असावी लागते. छातीत कळ आली, अपघात झाला, तर १०८. तमिळनाडूत ही सेवा २००८ पासून आहे आणि चांगली आहे, खोटं कशाला बोलू. बाळंतीण आणि तान्हं बाळ सरकारी दवाखान्यातून घरी सोडायला १०२ ची गाडी आहे. आणि सरकारी रुग्णालयात माणूस दगावलाच तर देह घरी पोचवायला 'अमरर ऊर्ती' नावाची मोफत शववाहिका आहे. म्हणजे जन्मताना गाडी, मरता मरता गाडी, मेल्यावर गाडी. मधली साठ-सत्तर वर्षं ज्याला दर महिन्याला साखर तपासायची असते, आठवड्याला तीनदा डायलिसिसला जायचं असतं, डोळ्याच्या पडद्याला इंजेक्शन घ्यायचं असतं, त्यानं काय करावं? त्याची तब्येत वाहन मिळण्याइतकी बिघडलेली नसते आणि पायी जाण्याइतकी बरी नसते. त्याला शासकीय भाषेत 'रुटीन' म्हणतात. यमराजांचा रेडा मात्र अजून घरपोच सेवा देतो, ओळखपत्र मागत नाही.

दारासुरम्च्या मोठ्या रस्त्यावर बसची वाट पाहणाऱ्या एका आजीची गोष्ट सांगतो. हातात पिवळी कापडी पिशवी, इकडे तिला मंजप्पै म्हणतात. पिशवीत फाइल, पाण्याची बाटली, केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. एक्स-रेचं मोठं खाकी पाकीट पिशवीत मावत नव्हतं, ते तिनं उन्हासाठी डोक्यावर धरलेलं. बरोबर मुलगा. तो मागावर बसणारा. या गावात रेशमाचे विणकर पिढ्यानपिढ्या आहेत, त्यातल्या सौराष्ट्री मंडळींच्या बोलीत आम्हा मराठी माणसांना ओळखीचे वाटतील असे शब्दही अधूनमधून कानावर पडतात. बस आली. पहिली पायरी आजीच्या गुडघ्याच्या वर. "पाट्टी, सीक्किरम् एरुंग!" (आजी, लवकर चढा!) म्हणत कंडक्टरनं हात दिला, मुलानं मागून आधार दिला, आणि पाकीट खाली पडलं. ते उचलून द्यायला तिसराच कोणी उतरला. आजी चढली तेव्हा तिच्या तोंडावर असा भाव होता की दिवसाचं मुख्य काम झालं, आता डॉक्टर काय ते किरकोळ.

तिकिटाचे पैसे तिला पडले नाहीत. मे २०२१ पासून तमिळनाडूत साध्या टाउन बसमध्ये बायकांना फुकट प्रवास आहे आणि त्यानं लाखो बायकांचं भलं झालंय. पण ऐरावतजी, 'टाउन' या शब्दाची मेख बघा. दारासुरम्हून कुंभकोणम्चं सरकारी रुग्णालय टाउनमध्ये येतं. तिथल्या डॉक्टरांनी 'मोठ्या डॉक्टरांना दाखवा' म्हणून चिठ्ठी दिली की जावं लागतं तंजावरच्या मेडिकल कॉलेजात, ३५-४० किलोमीटरवर, आणि ती बस टाउनची नव्हे. आजार जिथून गंभीर होतो, बरोबर तिथून तिकीट सुरू होतं. मुलाचं तिकीट तर पहिल्यापासून होतंच. त्याचा त्या दिवसाचा माग बंद, हा खर्च कुठल्याच योजनेच्या तक्त्यात नाही. डायलिसिस फुकट होतं, एकेका वेळेला चार तास लागतात, आठवड्याला तीन वेळा. सोबत येणाऱ्याची निम्म्या आठवड्याची मजुरी त्यात जाते. औषध मोफत, प्रवास घरचा.

रेल्वेचं म्हणाल तर दारासुरम्ला स्टेशन आहे आणि पॅसेंजर थांबते. डायलिसिसच्या रुग्णाला रेल्वे तिकिटात ७५ टक्के सवलत देते, फक्त ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र रुग्णालयातून आणायचं. पॅसेंजरचं तिकीट मुळात एखाददुसऱ्या चहाच्या किमतीचं. त्यातला पाऊण चहा वाचवण्यासाठी सवलतीविना एकदा रुग्णालयात जाऊन यायचं. हिशेब चोख आहे.

आपल्या देवळात एक शिल्प आहे. गाइड हमखास दाखवतो. एकच डोकं आणि दोन धडं. एका बाजूचं धड हातानं झाकलं की हत्ती दिसतो, दुसऱ्या बाजूचं झाकलं की बैल. मला ते पाहताना सरकारची खाती आठवली. आरोग्य खातं एका बाजूनं पाहतं, त्याला रुग्ण दिसतो. तो दारात आल्यापासून त्याची जबाबदारी. परिवहन खातं दुसऱ्या बाजूनं पाहतं, त्याला उतारू दिसतो. तो खाली उतरेपर्यंत त्याची जबाबदारी. डोकं एकच आहे, ते एक्स-रेच्या पाकिटाखाली तापतंय, हे हात बाजूला केल्याशिवाय दिसत नाही.

एका बाबतीत मात्र या राज्याला मानलं पाहिजे. ५ ऑगस्ट २०२१ ला कृष्णगिरी जिल्ह्यात 'मक्कळै तेडी मरुत्तुवम्' सुरू झालं. लोकांना शोधत जाणारं औषध, असा त्याचा अर्थ. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या घरी येतात, अंथरुणाला खिळलेल्यांना फिजिओथेरपी घरी मिळते, पोटातून करायच्या डायलिसिसच्या पिशव्यासुद्धा घरपोच. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या योजनेचा गौरव केला, तो उगीच नाही. रुग्णाला हलवण्यापेक्षा गोळीला हलवणं सोपं, हे कुणाला तरी सुचलं. पण किरणोपचाराचं यंत्र मोटरसायकलवरून येत नाही. रेटिना तपासायची दुर्बीणही येत नाही. जे येऊ शकत नाही त्याच्याकडे जायचं कसं, तिथं ही योजनाही हात जोडते.

गाड्या नाहीत असंही नाही. फेब्रुवारी २०२४ पासून याच कुंभकोणम्हून नवग्रहांची खास बस सुटते. ७५० रुपयांत पहाटे निघून एका दिवसात नऊ ग्रह : तिंगळूरचा चंद्र, आलंगुडीचा गुरू, तिरुनल्लारचा शनी, सगळे. मंगळासाठी ती वैदीश्वरन् कोइलला थांबते, जिथं महादेव साक्षात वैद्य म्हणून बसले आहेत. देवांच्या डॉक्टरकडे न्यायला बस आहे, आसन राखीव आहे, वेळापत्रक आहे. वेळापत्रक बसवणारी माणसं या गावात आहेत, हे त्यातून सिद्ध होतं. डायलिसिसच्या वारांना आणि ओपीडीच्या तारखांना एखादी फेरी जुळवून देणं शनीच्या साडेसातीपेक्षा अवघड नसावं.

आणि इथं आम्हा मराठी लोकांना जरा कॉलर ताठ करावीशी वाटते, म्हणून सांगतो. याच मुलखावर आमचे भोसले राज्य करत होते. सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून आपल्या छत्रांची बाजू मांडली. रामेश्वरच्या वाटेवरची ही छत्रं. वाटसरूला जेवण तर होतंच, पण आजारी पडला तर वैद्य, औषध आणि बरं होईस्तोवर मुक्काम. पुढच्याच वर्षी ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र उभं राहिलं. तंजावरात राजांचा धन्वंतरी महालही होता. दोनशे वर्षांपूर्वी प्रवासात आजारी पडणाऱ्याची सोय होती. आजारपणात प्रवास करणाऱ्याची आज नाही. कॉलर पुन्हा खाली केली आहे, कारण आमच्या महाराष्ट्रातही चित्र फार वेगळं नाही. आमच्या एसटीत डायलिसिस, हिमोफिलिया, सिकलसेलच्या रुग्णांना साध्या गाडीत तिकीट पडत नाही. साधी गाडी कधी येते, हे तेवढं विचारू नये.

अमेरिकेतल्या गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत रुग्णाला ठरलेल्या तपासणीला पोचवणं हा उपचाराचाच भाग धरतात, इंग्लंडातही चालता न येणाऱ्यांसाठी रुग्णालयाची गाडी येते. तिथंही गाडी उशिरा आली म्हणून लोक बोटं मोडतात. पण उशिरा यायला आधी गाडी असावी लागते.

तर विनंती एवढीच की इंद्रदेवांकडून सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी रजा काढावी. त्यांना त्या दिवशी पुष्पक मागून घेता येईल. आपल्यात एक गुण असा आहे जो कुठल्याच बसमध्ये नाही : आपण गुडघे टेकून बसता. आजीला पायरी चढावी लागणार नाही. पाठही रुंद आहे, मुलगा मावेल, पिवळी पिशवी मावेल, एक्स-रेचं पाकीट आडवं ठेवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक रुटीन माणूस

ता. क. टोकनं सकाळीच संपतात, तेव्हा पहाटे निघालेलं बरं. इंद्रदेवांनी कुठं गेला होतात म्हणून विचारलं, तर एका पेशंटच्या रुटीन चेकअपला, असं सांगावं. त्यावर पुढं कोणी चौकशी करत नाही.