आप्पा वकिलांच्या फायली

"या वैनी, आलात एकदाच्या पुण्यासनं! कळलं असेलच तुम्हाला."

"गल्लीच्या ग्रुपवर फोटो बघितला ओ. मला वाटलं, परत कुठं सत्कार झाला आप्पांचा. खाली वाचतोय तर भावपूर्ण श्रद्धांजली. नातीची परीक्षा, निघता पण येईना. शेवटी त्रास झाला का काय?"

"काही नाही. सकाळी पेपर वाचला, कोडं अर्धं सोडवलं, काकूंना म्हणाले जरा पडतो. गुडघ्यामुळं काकूंना उभं राहता येत नाही, चहा तेच करायचे. दहा वाजले तरी चहा नाही म्हणून काकू काठी टेकत आत गेल्या, तर हे असं."

"कशा आहेत आता काकू?"

"आहेत. परवा मला म्हणाल्या, गॅसचा लायटर कुठं असतोय तेच मला माहीत नाही. इतकी वर्षं कधी हातात घ्यायलाच दिला नाही."

"आणि आधी? वकिली जोरात होती तेव्हा तीच काकू रात्री अकराला पक्षकारांना पोहे करत होती."

"ते पण खरंच. गावाची भांडणं मिटवायला वेळ होता, काकूंना रंकाळ्यावर न्यायला नव्हता. काकू तोंडावर म्हणायच्या तसं. म्हणून तर कोट उतरवल्यावर रोज संध्याकाळी रिक्षा बोलावून न्यायचे. भेळ काकूंना, आणि रिक्षावाल्याची उलटतपासणी हे घेणार. मीटर कधी तपासलं, पासिंग कधी झालं! ती सवय काही गेली नाही. भाजीवाली तर त्यांना बघून गाडा पुढं ढकलायची."

"रक्षाविसर्जनाला गर्दी होती म्हणे."

"पंचगंगेवर पाय ठेवायला जागा नाही. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण रडलं माहिताय? धाकटे भाऊ."

"गावाकडचे? ते तर पायरी चढत नव्हते!"

"तेच की. बहिणींच्या वाटणीवरनं. तुम्ही तेव्हा इथं राहायला नव्हता. त्यांचे वडील आधीच गेलेले, आणि मागनं २००५ ला कायदा आला, मुलीला मुलाएवढा हिस्सा. भाऊ म्हणाले, वडील कायद्याच्या आधी वारलेत, आपल्याला कुठं लागू होतंय? आणि नुसते भाऊच नाही, चांगले चांगले वकील पण तसंच सांगायचे तेव्हा. बहिणी बिचाऱ्या तयार होत्या ओ, साडीचोळी घेऊन हक्कसोड करायला. रजिस्ट्रार कचेरीत जायचा दिवस पण ठरलेला. आप्पा अडून बसले. म्हणाले, दुसऱ्यांच्या बहिणींसाठी मी कोर्टात भांडतोय आणि घरच्या बहिणीला साडीवर वाटेला लावू? विहिरीजवळचं उसाचं रान, त्यात सगळ्यांना सारखा वाटा. सातबाऱ्यावर बहिणींची नावं चढली. भाऊ तोंड पाडून सही करून गेले ते दिवाळीला यायचेच बंद झाले."

"आणि मग निकाल आला ना सुप्रीम कोर्टाचा?"

"२०२० च्या ऑगस्टमध्ये. वडील २००५ ला हयात असोत नसोत, मुलीचा हक्क जन्मापासनंच. आप्पांनी इथं भिंतीपाशी येऊन हाका मारून सांगितलं मला. मी मुगाच्या शेंगा सोलत होते, मला त्यातलं काय कळतंय, पण त्यांचा चेहरा बघून मी पण हो हो केलं. वाटलं, आता भावाला फोन लावून ऐकवणार. नाही लावला. काकूंनी विचारलं तर म्हणे, त्याच्याकडं पण पेपर येतो की."

"भारी माणूस. भाऊ अगदी शेवटीच आले, मेल्यावर?"

"नाही नाही, मागच्या वर्षी आले होते एकदा, गुळाची ढेप घेऊन. बोलले काय नाहीत, ढेप ठेवून गेले. आणि काय ओ, तुम्ही केली होती का सही माहेरच्या जमिनीवर?"

"केली की. पैठणी दिली भावानं. ती पण सेमी."

"आप्पांना कळलं असतं तर! माझ्या जावेला त्यांनी व्हरांड्यात बसवून अख्खं हक्कसोडपत्र मोठ्यानं वाचायला लावलं होतं. ती म्हणाली चष्मा नाही आणला. यांनी स्वतःचा काढून दिला, म्हणाले, वाच, गट नंबरसकट वाच. वाचता वाचताच तिच्या लक्षात आलं की घर पण त्यात घातलंय. तशीच उठून आली. सही नाही, काही नाही."

"हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं तेव्हा कसले खूश होते, नाही?"

"अहो, ते तर लहान पोर झाले होते. वकिलीच्या पहिल्या दिवसापासनं खंडपीठाच्या मागणीसाठी धरणं धरत आले. सहा जिल्ह्यांचे वकील, चाळीस वर्षांवर मागणी. हायकोर्टात तारीख म्हणजे आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, मुंबईत जाऊन कळायचं की आज बोर्डावर येत नाही, परत रात्रीची गाडी. चंदगडचा माणूस तर आधी कोल्हापूर गाठणार, मग मुंबई. एका म्हातारीनं प्रवासाच्या खर्चालाच म्हैस विकली, ते आप्पा कायम सांगायचे. मग गेल्या वर्षी, २०२५ च्या १७ ऑगस्टला, सरन्यायाधीश गवईसाहेब आले, उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवसापासनं काम सुरू. हे सकाळी काळा कोट घालून तयार! डांबरगोळ्यांचा वास इथवर येत होता. सीपीआर दवाखान्यासमोर जाऊन नुसते फाटकापाशी उभे राहिले. येताना सगळ्या गल्लीला पेढे. म्हणाले, बघा नशीब, मी घरी बसलो आणि हायकोर्ट रिक्षाच्या अंतरावर आलं."

"काय माणूस! आणि कार्य कसं केलं?"

"साधंच. लिहूनच ठेवलं होतं. जेवणावळ नको, स्मशानभूमीला शेणी द्या. आपल्याकडं दहन फुकट होतंय ते लोकांनी दिलेल्या शेणींवर, हे पुण्यातल्या त्यांच्या जावयाला माहीतच नव्हतं. त्यांना वाटलं, कुणी गंमत करतंय. आप्पा दर होळीला गल्लीतल्या पोरांना दम द्यायचे, होळी लहान करा, शेण्या पंचगंगेवर पोचवा. पोरांनीच टेम्पो भरून नेल्या यावेळी. लेकीला मात्र आवडलं नाही. म्हणाली, बाबांसाठी एक पंगत तरी घालायला पाहिजे होती. मला पण तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू? चार माणसं जेवून गेली असती तर काकूंचं मन रमलं असतं."

"आता घर विकणार का हो?"

"इतक्यात नाही. आधी फायली. ते त्यांचे जुने कारकून रोज येऊन बसतात, ज्याची त्याला परत देतात. २०१९ च्या पुरात रमणमळ्यात पाणी घुसलं तेव्हा आठवतंय ना? आप्पांनी टीव्ही सोडला, फ्रिज सोडला, फायली माळ्यावर टाकल्या. तरी खालचा खण भिजलाच. मग आम्ही बायकांनी खरेदीखतं दोरीवर वाळवली. वर सुती कापड टाकून मी इस्त्री फिरवलीय एकेका पानावर. एक मोडीतलं होतं, त्याचा तुकडा पडला तर आप्पा आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. आता ती पानं घेऊन कारकून दारोदार फिरतायत. आणि हो, तुमच्याकडं पण येणारेत."

"आमच्याकडं? आमची कसली फाईल?"

"तुमच्या मिस्टरांची. नाव वाचलं मी वरचं. आत काय बघितलं नाही हं, पातळ पाकीट आहे, चिकटवलेलं."

"अगंबाई! मृत्युपत्र केलं का काय ह्यांनी?"

"तसंच असणार. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, आप्पा गल्लीभर सांगत फिरायचे."

"साक्षीदार कोण?"

"मला काय माहीत?"

"तुम्ही खाली का बघताय काकू?"

"अहो, एक तुमच्या शेजारचे शिंपी असतील. आणि दुसरी… थांबा, दूध उतू जातंय वाटतं माझं."

"दूध कुठलं आत्ता? साडेअकराला? काकू! ओ काकू!"