४.८

साठी उलटलेल्या पुरुषांनी एकमेकांशी बोलायचं काय, हा प्रश्न पीएसएने कायमचा सोडवला. आमच्या बागेतल्या कट्ट्यावर पूर्वी मुलांची पॅकेजेस निघायची. आता प्रोस्टेटचे आकडे निघतात. ज्यांनी जन्मभर घरी पगाराचा खरा आकडा सांगितला नाही, ते इथे दशांशचिन्हासकट रिपोर्ट वाचून दाखवतात. आमच्यातले निवृत्त बँक मॅनेजर तर आपल्या २.६ वर सगळ्यांना चहा पाजून मोकळे झाले.

माझा ४.८ आला. चाराच्या वर गेलं की कट्टा आवाज खाली आणून बोलतो.

खरं तर पीएसए हे प्रोस्टेटचं रोजच्या कामातलं प्रथिन. वीर्य पातळ करणं ही त्याची नोकरी. त्यातलं थोडं रक्तात झिरपतं. ग्रंथी वयाने वाढली तर जास्त झिरपतं, तिला सूज आली तर आणखी जास्त, आणि कॅन्सर असला तरी जास्तच. शेजारच्या घरातून गलका ऐकू येतो, पण आत बारसं चाललंय की वाटणीचं भांडण, ते भिंतीला कान लावून कळत नाही. रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनी १९७० मध्ये प्रोस्टेटमधल्या प्रतिजनावर संशोधन केलं; पुढे २०१० मध्ये त्यांनीच न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून या चाचणीच्या सरसकट वापरावर कोरडे ओढले. कट्ट्याला अ‍ॅब्लिन माहीत नाहीत, ते बरंच आहे.

युरोलॉजिस्टने आधी उलटतपासणी घेतली. लघवीला जळजळ? ताप? सायकल चालवता? "गेल्या दोन दिवसांत पत्नीशी संबंध?" हिने डॉक्टरांकडे असं काही पाहिलं, की त्यांनी घाईघाईने पुढचा प्रश्न घेतला. मग बोटाची तपासणी. तिच्याबद्दल कट्ट्यावर कुणीच बोलत नाही.

त्यानंतर 'फ्री पीएसए'. रक्तात हे प्रथिन काही मोकळं फिरतं, काही दुसऱ्या प्रथिनांना चिकटून. कॅन्सरमध्ये मोकळ्याचा वाटा घटतो. एकूण आकडा ४ ते १० मध्ये असेल तेव्हा हा वाटा बघतात: २५ टक्क्यांच्या वर असला तर बहुधा साधी वाढ, १० च्या खाली गेला तर डॉक्टर बायोप्सीचं नाव काढतात. माझा २८ आला. मोकळे जास्त तेवढं बरं, हे ऐकल्यावर कट्ट्यावरचे एकमेव अविवाहित सभासद दिवसभर छाती काढून फिरत होते.

याच ज्ञानाच्या भरात मी मॅनेजरसाहेबांना विचारलं, "धार सुधारायला गोळी घेता ना?" घेत होते, फिनास्टेराइड, दोन वर्षं. ती गोळी पीएसए साधारण निम्म्यावर आणते, म्हणून डॉक्टर आकडा दुप्पट करून वाचतात. म्हणजे ५.२. साहेबांनी हयातभर लोकांना रक्कम दामदुप्पट कशी होते ते समजावलं. हा हिशेब मात्र त्यांना काही केल्या पटेना.