अंतराचा गज

(स्थळ: देऊळघाट, पैनगंगेकाठच्या या गावातील एक किराणा दुकान. काळ: एप्रिल २०२१चा अखेरचा आठवडा, सकाळी साडेदहाचा सुमार. दुकानापुढे चुन्याची सात वर्तुळे. प्रत्येकात एक चप्पलजोड किंवा पिशवी, आणि त्यांचे धनी शेजारच्या लिंबाच्या सावलीत एकमेकांना खेटून बसलेले.)

गुरुजी: शेठ, छत्तीस वर्षे मी शाळेत मुलांच्या रांगा लावल्या, परंतु ज्या निर्विकार चित्ताने आणि ज्या समान अंतराने या चपला आपल्या दारी तिष्ठत आहेत, तशी रांग मला एकदाही साधली नाही. ही साथ पादत्राणांना बाधते, असे काही नवे परिपत्रक निघाले आहे काय?

दुकानदार: हुकमात गिऱ्हाईक वर्तुळात असावे एवढेच आहे, गुरुजी, उन्हात असावे असे नाही. माणूस सावलीला जातो, चप्पल नंबर धरते.

गुरुजी: आणि माप कोणते? सरकार दोन गज, म्हणजे सहा फूट म्हणते. येथे तर दोन वर्तुळांच्या मध्ये माझी छत्रीसुद्धा आडवी मावत नाही.

दुकानदार: आमचा गज कापडवाल्याकडून मागून आणलेला, आणि कापडवाल्याचा गज किती भरतो, हे तीन लेकींची लग्ने केलेल्या माणसाने मला विचारावे? औषधाच्या दुकानापुढे तर दोरी बांधली आहे. लोक तिच्यावर रेलतात, तेव्हा सहा फुटांचे दुपारपर्यंत चार होतात.

गुरुजी: ते तरी बरे. परवा एका बँकेच्या दारी शिपायाने ते पिस्तूल माझ्या कपाळाला लावले, उष्णमान ब्याण्णव सांगितले आणि हा इसम हयात आहे किंवा कसे याची रुजवात न करताच आत सोडले. आत सर्वांना मिळून सुतळीने बांधलेले एकच पेन. आणि काचेपलीकडील कारकुनाने, मला दूर राहण्याची तंबी देऊन, मुखपट्टी हनुवटीवर ओढली, बोट जिभेला लावले आणि माझे निवृत्तिवेतन मोजले.

दुकानदार: बँकेची शिस्त आम्ही गेल्या वर्षीच पाहिली. जनधनच्या पाचशे रुपयांसाठी खात्याच्या शेवटच्या आकड्यावरून वार लावले होते: ३ एप्रिलला शून्य आणि एक, ४ला दोन आणि तीन, असे करत आठ आणि नऊला ९ तारीख. आमच्याकडे धान्य निवडणाऱ्या मावशीचा आकडा आठ. तरी ती पाचही दिवस जाऊन बसली. म्हणे, आकडा माझा नसला तरी पैसा माझा आहे, त्याच्यावर नजर नको?

गुरुजी: मावशीचे सोडा. आता सात ते अकरा एवढीच दुकाने उघडी. दिवसभराचे गिऱ्हाईक चार तासांच्या पोत्यात दाबून भरले असता गर्दी विरळ होते, हे त्रैराशिक मी तरी कोणत्याही इयत्तेला शिकवलेले नाही.

दुकानदार: त्रैराशिक मलाही जड जाते. लग्नाला पंचवीस माणसे, दोन तासांची मुदत, मोडल्यास पन्नास हजार दंड. आणि पंचवीस माणसांच्या यादीत साखर चाळीस किलो! मी विचारले, तर म्हणाले, पाहुणे गोडघाशे आहेत.

गुरुजी: (घसा साफ करून) बुंदी मात्र उत्तम झाली होती.

दुकानदार: म्हणजे आपण त्या पंचवीसांतले?

गुरुजी: तपशिलात शिरू नका. मला मागील दाराने बसवले होते, आणि मागील दाराचा उल्लेख हुकमात कोठेही नाही.

(दुरून शिटी. लिंबाखालील मंडळी उठतात. दुकानदार शटर अर्धे ओढतो.)

दुकानदार: अकरा वाजले! गुरुजी, वाका, आत या. मंडळी, चपला उचला आणि आत या, बाहेर कोणी दिसता कामा नये!

(सर्वजण शटरखालून आत शिरतात. शटर पूर्ण खाली. आठ बाय दहाच्या खोलीत अंधार, हिंगाचा वास आणि नऊ माणसांचे श्वास.)

गुरुजी: शेठ, माझ्या पायावर कोणी तरी उभे आहे.

अंधारातून आवाज: मी आहे, गुरुजी. सहावे वर्तुळ.