घर जगाला खुले करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

नांदेड-लातूरकडचा माणूस दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. मग इंटरनेटवरून येणाऱ्यालाच बाहेर का ताटकळत ठेवावे? घरात कॅमेरा आहे, वायफाय आहे, स्मार्ट टीव्हीही आहे, पण अजून एकही परका आत शिरला नाही, अशी ज्यांची खंत आहे त्यांनी पुढील नियम पाळावेत.

१. पासवर्डला हात लावू नये. कॅमेरा बसवणारा पोरगा कारखान्याचाच जो पासवर्ड ठेवून गेला, तो वंशपरंपरेने चालवावा. कारखान्यातून येणारे असे पासवर्ड जगमान्य असतात. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने त्यातले साठेक पाठ करून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्याच फौजेने अमेरिकेतल्या बड्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या दुकानाचा डीव्हीआरही अशा मोहिमेवर जाऊ शकतो. शेटजींना वाटते, तो गल्ल्यावर लक्ष ठेवतोय.

२. कॅमेरा कुठेही लावावा. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयाने तो महिलांच्या तपासणीच्या खोलीत लावला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या चित्रफिती टेलिग्रामवर विकल्या जात असल्याचे उघडकीस आले. अटक झालेल्या आरोपींत एक लातूरचा, एक सांगलीचा. रुग्णालयाचा पासवर्ड ‘ॲडमिन१२३’ होता, असे पुढे बातम्यांत आले. त्या बायांना कोणी विचारले नव्हते. विचारण्याची पद्धत आपल्याकडेही नाही.

३. लॉगिन सार्वजनिक करावे. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीसाठी आलेली लेकरे अभ्यासिकेत झोपतात की वाचतात, हे पालकांना दिसावे म्हणून वसतिगृहाने एकच लॉगिन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावे. पोरगी शिकून गेली तरी तिच्या पालकांना ग्रुपमधून काढू नये, पासवर्डही बदलू नये. वाईट दिसते.

४. आधार सढळ हाताने वाटावे. आधारची सुरुवातच २०१० साली आपल्या महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभलीत झाली. वाटण्यात आपण मागे कसे राहणार? लॉजवर झेरॉक्स द्यावी, सिमकार्डवाल्याला द्यावी, तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात संगणकावर पीडीएफ तशीच सोडून यावी. पहिले आठ आकडे झाकलेले ‘मास्क्ड आधार’ फुकट मिळते, बोटांचे ठसेही लॉक करता येतात. पण ठसे लॉक केले, तर अंगठ्याची नक्कल करून आधार जोडलेल्या खात्यातून पैसे काढणाऱ्याने खावे काय?

५. लग्नपत्रिका उघडावीच. लग्नसराईत अनोळखी नंबरावरून ‘एपीके’ फाइल आली, की ती पत्रिका समजून घाईने बसवावी. न जाणो, सोयरे रुसतील. खरे तर एपीके म्हणजे ॲप. परवानग्या मागेल तशा देत गेलात, की तुमचे ओटीपी ते तुमच्या आधी वाचते. पोरे आपला मेसेज वाचत नाहीत, निदान ते तरी वाचते.

६. चोर मुंबई-पुण्यालाच जातो, असे मानावे. जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून हॅकरांनी सुमारे साडेचौदा कोटी रुपये वळते केले. तो चोर रस्ता चुकला असावा.

७. १९३० वर लगेच फोन करू नये. पैसे गेल्या गेल्या या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, तर रक्कम वाटेतच गोठवली जाऊ शकते आणि वरच्या सहा नियमांची मेहनत पाण्यात जाते. म्हणून आधी मेहुण्याला विचारावे, मग ग्रुपवर टाकावे, मग ‘लोक काय म्हणतील’ यावर रात्र काढावी. सकाळी सावकाश पोलीस ठाण्यात जावे. जाताना आधारची झेरॉक्स न्यावी. दोन जास्तीच्या असू द्याव्यात, कोणाला लागल्या तर.