मिड्या

पाच जणांच्या प्रत्येक टोळक्यात एक मिड्या असतो. बारशाला घरच्यांनी त्याचं काहीही नाव ठेवलेलं असो, डोटा खेळायला बसला की तो मिड्या. या कॉम्प्युटर गेमच्या नकाशावर तीन लेन, म्हणजे वाटा, असतात. वरच्या आणि खालच्या लेनमध्ये दोघं-दोघं जातात, मधल्या लेनमध्ये एकच जण जातो. समोरून येणाराही एकटाच. ही मधली जागा आपल्याला बघूनच आखली गेली, अशी ज्याची पक्की समजूत असते तो मिड्या. उरलेल्या चौघांचं यावर काय मत आहे, ते विचारायची पद्धत नाही. पूर्वी मॅच सुरू व्हायच्या आतच तो चॅटमध्ये लिहून मोकळा व्हायचा, ‘मिड ऑर फीड’. म्हणजे मला मिड द्या, नाहीतर मुद्दाम मरत राहीन. मिड दिल्यावरही तो मरतच राहायचा. ते मुद्दाम नसायचं, एवढाच काय तो फरक.

वय तिशी-पस्तिशी. वॉरक्राफ्टवर चालणारा जुना डोटा याने इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलात गरेना नावाच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून खेळलेला. 2013 साली व्हॉल्व कंपनीने डोटा 2 रीतसर बाजारात आणला, तेव्हा ‘फायनल इयरच्या प्रोजेक्टला लागतं’ असं सांगून वडिलांकडून ग्राफिक्स कार्डाचे पैसे काढलेले. आता हिंजवडीत नोकरी, वाकडला टू बीएचके, त्याचा हप्ता. मीटिंगमध्ये मॅनेजरने चारचौघांत झापलं तरी हा मान खाली घालून वहीत चौकोन काढत बसतो. पण रात्री साडेदहाला हेडफोन चढवला की आवाज बदलतो. मग आम्ही चौघं त्याचे हाताखालचे. त्यात मी पाचव्या नंबरचा, म्हणजे सपोर्ट. सपोर्टचं काम लग्नातल्या मुलीकडच्या काकासारखं असतं. धावपळ सगळी त्याची, फोटोत तो कुठेच नाही, आणि मठ्ठा संपला की सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे.

मिड्याचा आवडता हीरो शॅडो फिएन्ड. जुने लोक त्याला अजून नेव्हरमोर म्हणतात, घाईत असले की एसेफ. हा हीरो सुरुवातीला अगदी लेचापेचा. समोरचे क्रीप, म्हणजे लेनमधून लाटेने येणारे सैनिक, मारत गेलं की त्यांचे आत्मे गोळा होतात आणि त्याच्या फटक्याला जोर चढत जातो. मेला की गोळा केलेल्यांतले काही आत्मे जातात आणि ते पुन्हा गोळा करत बसायचं. पळून जायला ना उडी, ना अदृश्य होण्याची सोय, काही नाही. थोडक्यात, जो माणूस मरणार नाही त्याच्यासाठीच हा हीरो बनवला आहे. मिड्याने नेमका तोच निवडावा, यामागे काहीतरी पूर्वजन्मीचं असणार.

बरं, अज्ञान म्हणावं तर तेही नाही. कुठला हीरो कुठल्या हीरोसमोर टिकतो याचं त्याचं ज्ञान अफाट आहे. व्हायपर समोर आला की तो विष लावून संथ करणार. हस्करचे जळते भाले अंगात रुतून राहणार, त्यामुळे पहिल्या पाच लेव्हल निव्वळ सहन करायचं. टेम्प्लर अ‍ॅसॅसिनचं कवच आधी साध्या फटक्यांनी फोडायचं, रेझ, म्हणजे शॅडो फिएन्डचे जादूचे स्फोट, त्यावर वाया घालवायचे नाहीत. चढावर उभ्या असलेल्याला खालून मारलं तर चारांतला एक फटका हुकतो, म्हणून आधी चढ धरायचा. शत्रूच्या हाती सोनं लागू नये म्हणून आपलेच मरणोन्मुख क्रीप आपणच मारायचे, याला डिनाय म्हणतात. यावर तो व्हॉट्सअ‍ॅपवर चार-चार मिनिटांच्या व्हॉइस नोट पाठवतो, त्याही ऑफिसच्या बसमधून. मागे कंडक्टर नसला तरी शेजारचा सहकारी खोकताना ऐकू येतो. आणि खरं सांगायचं तर समोरासमोरच्या त्या एकट्याच्या लढतीत मिड्या वाईट नाही. पहिली चार मिनिटं त्याचे लास्ट हिट बघत राहावेत असे असतात. क्रीपच्या अंगात शेवटचा थेंब उरला की अचूक त्या क्षणी फटका. रून म्हणजे नदीत ठरावीक वेळी पडणारी शक्ती; दोन मिनिटांचा आणि चार मिनिटांचा पाण्याचा रून याच्याच बाटलीत. अशा वेळी तो खेळता खेळता गुणगुणतो, आणि आम्हा चौघांच्या पोटात गोळा येतो.

कारण डोटात पाचव्या मिनिटाला रात्र होते. दिवसा बहुतेक हीरोंना 1800 पर्यंत दिसतं, रात्री 800. निम्म्याहूनही कमी. समोरच्या टोळीत नाइट स्टॉकर असेल तर तो याच घटकेची वाट बघत असतो, कारण अंधारात त्याचा वेग आणि ताकद दोन्ही वाढतात. सहाव्या मिनिटाला नदीत पॉवर रून पडतो आणि त्या निमित्ताने दोन्हीकडचे मोकळे हात नदीकडे सरकू लागतात. तिघांनी मिळून एकट्याला गाठणं, म्हणजे ज्याला गँक म्हणतात, त्याचा हा मुहूर्त. पंचांगात नसला तरी डोटा खेळणाऱ्या प्रत्येकाला पाठ. मिड्यालाही पाठ. व्हॉइस नोटमध्ये तो हेच सांगतो, की नकाशावरून समोरचे तीन जण गायब झाले तर नदी ओलांडू नका, टॉवरजवळ या, क्रीपची लाट आपल्याकडे ओढून घ्या, दोन लास्ट हिट गेले तर गेले.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. पाच मिनिटं दहा सेकंद. मी नदीच्या वळणावर वॉर्ड लावलेला. वॉर्ड सहा मिनिटं जागा राहतो आणि आसपासचं दाखवतो. त्यात आधी नाइट स्टॉकर दिसतो, मागोमाग पज, हातातला हूक लोंबत. वरच्या लेनमधून स्पिरिट ब्रेकर मघापासून नाहीसा. हा बैल तर डोंगर, झाडं, नदी काही न बघता नकाशाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला धडक मारत येतो, आणि ज्याच्यावर चालून येतो त्याला ते सांगत नाही. मी पिंग करतो, म्हणजे नकाशावर धोक्याची खूण वाजवतो. आणखी एकदा करतो. तोंडाने सांगतो, ‘बॅक मार, तिघं आहेत, बॅक मार.’

मिड्या म्हणतो, ‘एक क्रीप, एकच.’

हा एक क्रीप म्हणजे मिड्याच्या चरित्राचं सार. तो क्रीप त्याला मिळतो, हे मान्य केलंच पाहिजे. चाळीस-एक सोनं खात्यात पडल्याचा आवाजही येतो. त्यानंतरचे आवाज मात्र हुकाचे, धडकेचे आणि मिड्याच्या खुर्चीचे.

स्क्रीन काळीपांढरी झाली की मिड्याच्या खऱ्या खेळाला सुरुवात होते. मेल्यावर हीरो परत जिवंत व्हायला जो वेळ लागतो, त्यात हात रिकामे आणि तोंड मोकळं. ‘तिघं मिस आहेत, कुणी बोललं नाही.’ मी बोललो होतो. ‘वॉर्ड कुठंय?’ तिथेच आहे, अजून दिसतोय. ‘मग तू काय करत होतास?’ या प्रश्नाला आजवर कुठल्याही सपोर्टला उत्तर सापडलेलं नाही. पूर्वी एक हुकमी कारण असायचं, गाढवाचं. दुकानातून सामान आणून देणारं कुरिअर म्हणजे ते गाढव, अख्ख्या टीममध्ये मिळून एकच, आणि मिड्याची बाटली यायच्या ऐन वेळी ते कायम दुसऱ्या कुणाच्या तरी चपला घेऊन निघालेलं. किती मरणं त्या मुक्या जनावराच्या नावावर जमा झाली! मग 2019 च्या नोव्हेंबरात व्हॉल्वने अपडेट काढून प्रत्येकाला आपापलं कुरिअर दिलं. मिड्या तेव्हा आठवडाभर गप्प-गप्प होता. पुढे त्याने इंटरनेटचं पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, हे कारण शोधून काढलं. आमच्यातला एक टोरोंटोला गेलाय, तो तिथून आमच्यासाठी इंडिया सर्व्हरवर खेळतो. त्याला अडीचशेचं पिंग असतं आणि तो जिवंत असतो. मिड्याला वाकडमध्ये तीसचं पिंग असतं.

त्याची रँक आर्कन. हेराल्डपासून इमॉर्टलपर्यंत आठ पायऱ्यांमधली ही चौथी, म्हणजे अगदी मध्यमवर्गीय. त्याचं प्रामाणिक मत असं, की आपण मुळात डिव्हाइनचे, पण टीममेट खाली ओढतात. टीममेट म्हणजे आम्ही. आमच्याशिवाय तो एकटा अनोळखी लोकांबरोबर खेळला की तेव्हाही खालीच जातो, त्या वेळी अनोळखी लोक ओढतात. वर्तनाचे गुण बारा हजारांपैकी असतात, त्याचे किती आहेत हे तो दाखवत नाही. बोलण्याचे गुण वेगळे मोजतात. ते इतके खाली गेले होते की काही काळ गेमने त्याचा आवाजच बंद ठेवला. टीम त्या काळात बऱ्याच मॅच जिंकली. योगायोग असेल.

रँक्डमध्ये मागाल तो रोल मिळावा यासाठी टोकन लागतात, आणि ती मिळवायची तर अधूनमधून मिळेल तो रोल पत्करावा लागतो. म्हणजे महिन्यातून काही रात्री मिड्याला सपोर्ट व्हावं लागतं. त्या रात्रींची गंमत औरच. वॉर्ड आता फुकट मिळतात, पण ते लावायला अंधारात जायचं कुणी? मिड्या जातो, मरतो, लपून जायला स्मोक विकत घेतो, पुन्हा जातो. आणि मधल्या लेनमध्ये असतो मनिलाचा किंवा लुधियान्याचा कुणी दुसरा मिड्या. तोही शॅडो फिएन्ड घेतलेला, तोही पाचव्या मिनिटाला नदीत. तो मेल्यावर आमच्या मिड्याच्या नावापुढे प्रश्नचिन्हांची माळ लागते. फिलिपिनो भाषेतला ‘बोबो’ हा एकच शब्द त्याला येतो, तो असा ऐकून ऐकून आलेला. अशाच एका रात्री मला आमच्या मिड्याचा फोन आला. ‘सपोर्टची कुणाला कदर नाही यार,’ म्हणाला. ‘माणूस मेहनत करतो आणि हे लोक मॅप बघत नाहीत.’ मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला टोकन जमली होती. पाच मिनिटं वीस सेकंदांनी त्याने विचारलं, ‘वॉर्ड कुठंय?’

घरी त्याची आई येऊन-जाऊन असते. तिचा आणि डोटाचा संबंध दुधावरून येतो. रात्री दूध नासलंय हे तिला नेमकं मॅचच्या ऐन मध्यावर कळतं. ‘थांबव ते जरा आणि डेअरी बंद व्हायच्या आत जाऊन ये.’ हा आतून ओरडतो, ‘आई, ऑनलाइन गेम पॉज नाही होत!’ हे धादांत खोटं आहे. डोटात पॉज होतो. प्रश्न असा, की समोरच्याला वाटलं तर तो काही सेकंदांनी पॉज काढूनही टाकतो. एकदा मिड्या खरोखरच पॉज लावून पायऱ्या उतरला. समोरच्या टीममधल्या कुणीतरी सभ्यपणे ‘ओके’ लिहिलं आणि दुसऱ्या कुणीतरी लगेच खेळ चालू केला. मिड्याचा हीरो मधल्या लेनमध्ये तसाच उभा, हलत नाही, बोलत नाही. शत्रूला वाटलं सापळा असणार. चांगली दोन मिनिटं कुणी जवळ फिरकलं नाही. त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत पाचव्या ते सातव्या मिनिटाच्या दरम्यान तो न मेल्याचा माझ्या आठवणीतला हा एकमेव प्रसंग. परत आला तो हातात पिशवी घेऊन आणि खुर्चीत बसायच्या आत नदीकडे निघाला.

वडिलांचा आक्षेप वेगळा. त्यांना कुठूनतरी कळलं, की 2021 च्या ‘दि इंटरनॅशनल’ स्पर्धेत चार कोटी डॉलरच्या वर बक्षिसं होती. तेव्हापासून ते खेळाबद्दल आदराने आणि मुलाबद्दल संशयाने बोलतात. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ इ-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा संघाने कांस्यपदक जिंकलं, ती बातमी मिड्याने फॅमिली ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, ‘बघा.’ आत्याने हात जोडले. मामाने हार्दिक अभिनंदनाचा गुच्छ टाकला, त्याला वाटलं भाचाच जिंकला. आईने विचारलं, ‘यात तू कुठला?’ मिड्याने निळ्या टिका येऊ दिल्या आणि उत्तर दिलं नाही.

गेल्या महिन्यात मी त्याला रीप्लेसमोर बसवलं. डोटात झालेली मॅच पुन्हा बघता येते, आणि हवं तर त्या-त्या खेळाडूच्या नजरेने, म्हणजे त्याचा कर्सर कुठे होता, तो स्क्रीनवर काय बघत होता, सगळं. मी मॅच पाचव्या मिनिटावर नेली आणि मिड्याची नजर लावली. नकाशावर तीन लाल ठिपके नदीकडे सरकताहेत. माझे पिंग दिसताहेत, एकावर एक, मिड्याच्या डोक्यावरच. आणि मिड्या? त्याने दुकान उघडलेलं. पुढे घ्यायच्या एका महागड्या तलवारीचं वर्णन वाचतोय. कर्सर किमतीवर थांबलेला. हूक लागतो तेव्हासुद्धा दुकान उघडंच आहे.

मिड्याने ते दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा स्लो करून बघितलं. मग खुर्ची मागे सरकवून हातांची घडी घातली.

‘आलं लक्षात,’ तो म्हणाला. ‘तू किती पिंग केलेस बघ. इतका आवाज झाल्यावर माणूस गडबडणारच. शांतपणे आयटम बघत होतो मी. पुढच्या वेळी एकदाच कर, पण नीट कर.’

‘नीट म्हणजे कसं?’

‘आता ते पण मीच सांगायचं? सपोर्ट तू आहेस.’