सोन्याचा नारळ

बारा सामने, दहा पराभव. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा नेहमीचा हंगाम १२ सामन्यांचा. त्यातले ६ जिंकले की हंगामानंतरच्या एखाद्या ‘बोल’ सामन्याचं आवतण येऊ शकतं. (हा फुटबॉल बहुतांशी हाताने खेळतात. त्यावरून वाद नको, आजचा मुद्दा वेगळा आहे.) दोनच जिंकलेल्या संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला नोव्हेंबर सरता सरता नारळ मिळतो. दरवर्षी अशा बऱ्याच गुरुजींना मिळतो. हरले, गेले, त्यात नवल नाही. नवल आहे ते नारळाच्या वजनात.

समजा, सहा वर्षांचा करार, वर्षाला ५० लाख डॉलर. वरच्या फळीतले याच्या दुप्पट घेतात. आपण बिचारा मधला धरला. दोन वर्षांत काढला, तर उरलेल्या चार वर्षांचे २ कोटी डॉलर, म्हणजे आपले साधारण पावणेदोनशे कोटी रुपये, त्याने घरी बसावं म्हणून मोजायचे. करार जरा कडक असेल तर त्यातला ठरलेला हिस्सा. हे टाळायचं असेल तर काढायला ‘सबळ कारण’ हवं. सबळ कारणांची यादी करारातच असते: गैरव्यवहार, खेळाचे नियम मोडणं, गुन्हा, नाव बदनाम होईल असं लफडं. या यादीत हरणं नाही. सामने जिंकायला नेमलेला माणूस सामने हरला, हे त्याला फुकट घालवायला पुरेसं कारण धरत नाहीत.

तेव्हा हरावं, पण चारित्र्य सांभाळून. सातव्या पराभवानंतर ज्याला पुढचं दिसू लागलंय, त्याने संध्याकाळी सातच्या आत घरी यावं, गाडी सावकाश हाकावी, फोनवर जपून बोलावं. कारण नवव्या पराभवानंतर एखाद्या विद्यापीठाच्या कायदा विभागालाही अचानक त्याच्या चारित्र्याची काळजी वाटू लागते. जुने ईमेल उघडले जातात, जिंकत होता तेव्हा कुणाला न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात. काही करारांत आणखी एक गंमत असते: घरी बसवलेल्याने नवी नोकरी शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न करायचा, आणि तिथला पगार या रकमेतून वजा व्हायचा. मग गुरुजी दुसऱ्या विद्यापीठात बेताच्या पगारावर सहायक म्हणून लागतात आणि बाकीची भर पहिलं विद्यापीठ घालतं. पुढच्या शनिवारी समोरच्या संघाच्या बाजूला कानाला हेडफोन लावून उभा असलेला माणूस आपल्याच पैशावर आपल्याला हरवत असतो. हे काम तो आधीही करतच होता. आता निदान उघडपणे करतो.

हा करार केला कुणी? एक हंगाम बरा गेला, दुसरं विद्यापीठ गुरुजींवर डोळा ठेवून आहे अशी कुजबुज एजंटने सोडली, आणि घाबरलेल्या मंडळींनी दोन वर्षं शिल्लक असताना आणखी चार वर्षांचा शब्द लिहून दिला. पैसे देणगीदारांचे आहेत, फीचे नाहीत, हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. बरं. पण अनेक विद्यापीठांत खेळखात्याची रक्कम विद्यार्थ्यांच्या फीमध्येच धरलेली असते, सामना बघा अथवा न बघा. तिथे बँकेचं कर्ज काढून नाशिकहून एमएसला गेलेला पोरगाही या खात्याला हातभार लावतो. बहुतेक राज्यांत सरकारी पगारपटावरचा सगळ्यांत महागडा माणूस म्हणजे सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक. राज्यपाल नाही, सर्जन नाही, कुलगुरूही नाही! आणि त्याच आवारात पहिल्या वर्षाच्या पोरांना चार ओळी धड लिहायला शिकवणारी बाई एका सत्राच्या एका विषयाला काही हजार डॉलर घेऊन राबते. तिला कुणी काढत नाही. पुढच्या सत्राला बोलावत नाहीत, एवढंच. तिच्या वर्गातली दहा पोरं नापास झाली तर जाब तिला द्यायचा, याचे दहा सामने गेले तर पैसे यालाच द्यायचे. डोकं फिरतं ते इथे. (घड्याळी तासिकेवरच्या आमच्या प्राध्यापकांना हे सगळं ओळखीचं वाटेल. महिनोन्‌महिने मानधन थकवण्याची कला हा आपला वेगळा वारसा.) ज्यांची हाडं मोडतात त्या खेळाडूंना तर २०२१ पर्यंत स्वतःच्या नावावर एखादी जाहिरात करून चार पैसे मिळवायलाही नियमाने बंदी होती. शिक्षणाचं पावित्र्य बिघडेल म्हणून.

तर आता नवे गुरुजी शोधायला एजन्सी नेमायची, तिची फी वेगळी. सापडलेले गुरुजी दुसऱ्या विद्यापीठाशी बांधलेले. त्यांना सोडवून आणायचे पैसे वेगळे. पत्रकार परिषदेत ते संघाची संस्कृती बदलण्याचं वचन देतात, पाच वर्षं मागतात, सहा घेऊन जातात. जुने गुरुजी पुढच्या हंगामात टीव्हीच्या स्टुडिओत तज्ज्ञ म्हणून बसलेले असतात. कोरा सूट, ताजी हजामत. तुमच्या जुन्या संघाचं नेमकं काय चुकतंय, असं निवेदक विचारतो.

“हल्लीच्या पोरांत जिद्द उरली नाही,” गुरुजी मान हलवतात. “सगळ्यांना फक्त पैसा दिसतो.”