चाळीस कोटींचं भाषण

साहेब टाउनहॉलमध्ये बोलतात ते मनावर घ्यायचं नसतं, यावर कॉर्पोरेट जग उभं आहे. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे ऐकून आजवर कोणी मालकाच्या सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडे गेलेलं नाही. लंडनमधल्या 104 बँकवाल्यांनी मात्र ही रीत मोडली. ते साहेबांचं भाषण घेऊन थेट कोर्टात गेले.

गोष्ट ऑगस्ट 2008 ची. ड्रेस्डनर ही जर्मन बँक, तिची मालकी आलियान्झ या म्युनिकच्या विमा कंपनीकडे, आणि आलियान्झ तिच्यासाठी गिऱ्हाईक शोधत होती. तिची गुंतवणूक शाखा, ड्रेस्डनर क्लाइनवर्ट, लंडनमध्ये जोरात होती. पण बँक विकायला काढली म्हटल्यावर माणसं सीव्ही झटकू लागतात, आणि गुंतवणूक बँकेत माणसं गेली की उरतात खुर्च्या आणि कॉफी मशीन. खुर्च्यांना भाव येत नाही. म्हणून शाखेचे प्रमुख श्टेफान येंच 18 ऑगस्टला टाउनहॉलमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, थांबा. बोनससाठी किमान 40 कोटी युरो बाजूला ठेवलेत. किमान, म्हणजे वर्ष कसंही गेलं तरी. कोणी ऐकलं नाही असं व्हायला नको म्हणून हे भाषण कंपनीच्या इंट्रानेटवरही दाखवलं. एवढा चोख बंदोबस्त करून माणसाने स्वतःच्या विरुद्ध पुरावा तयार केल्याची उदाहरणं कमी असतील.

लोक थांबले. ऑगस्ट संपता संपता फ्रँकफुर्टच्या कॉमर्झबँकेने ड्रेस्डनर घ्यायचं जाहीर केलं. सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. वर्षअखेरीस ड्रेस्डनरचा तोटा सहा अब्ज युरोंच्या पुढे गेला, आणि कॉमर्झबँकेला जर्मन सरकारने दोन हप्त्यांत 18.2 अब्ज युरो देऊन सावरलं. बदल्यात सरकारने घेतले 25 टक्के आणि वर एक शेअर. आहेराच्या पाकिटात एकशेएक घालतात तसा.

आता या मोडक्या घरात बोनस मागायचा कोणत्या तोंडाने, असं तुम्हाआम्हाला वाटेल. बँकेलाही वाटलं. डिसेंबर 2008 मध्ये लंडनकरांना पत्रं गेली: तुमचा बोनस अमुक इतका, तूर्तास, मात्र पुढे आर्थिक परिस्थिती फारच बिघडली तर कमी करू. लेहमन बुडून तीन महिने झाल्यावर, सरकारी पैशाचा पहिला हप्ता ठरलेला असताना, ‘बिघडली तर’ असं लिहायला काळीज लागतं. फेब्रुवारीत परिस्थिती खरोखरच बिघडल्याचं बँकेच्या लक्षात आलं आणि बोनस नव्वद टक्क्यांनी कापला गेला.

मग खटला. बँकेचा बचाव साधारण असा: साहेब बोलले ते खरं, पण ते काही करार म्हणून बोलले नव्हते. कोणाला किती, हे तर आमच्याच मर्जीवर होतं ना? म्हणजे भाषण माणसं थांबवण्याइतकं पक्कं होतं, पैसे देण्याइतकं नव्हतं. मला बँकवाल्यांचा कळवळा नाही. वर्षाला लाखो युरो कमावणाऱ्यांसाठी रडायला माझ्याकडे अश्रू शिल्लक नाहीत. पण या व्यवहारात त्यांनी आपली बाजू पुरी केली होती. थांबा म्हटलं, थांबले. हायकोर्टाने मे 2012 मध्ये त्यांचा दावा मान्य केला, बँकेवर सुमारे पाच कोटी युरो बसले, आणि एप्रिल 2013 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. तोटा जर्मनीत, सावरणारं सरकार जर्मनीत, न्याय इंग्लंडात आणि बोनस लंडनकरांच्या खात्यात. युरोपीय ऐक्य म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं?

जगभरच्या एचआरने यातून धडा घेतला. दिलेला शब्द पाळावा हा नव्हे. शब्द देताना त्याच्या मागेपुढे ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ लावावं, हा. आपल्याकडेच पाहा. हिंजवडीत परदेशी कंपनीच्या भारतीय शाखेत काम करणाऱ्याच्या ऑफर लेटरमध्ये सीटीसी फुगवणारा व्हेरिएबल पे असतो, सोबत अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे शेअर असतात, आणि शेअरच्या कागदावर बहुधा डेलावेअरचा कायदा असतो. डेलावेअर म्हणजे जेमतेम दहा लाख वस्तीचं राज्य. तिथल्या विल्मिंग्टन गावात एकाच इमारतीच्या पत्त्यावर लाखो कंपन्या नोंदवलेल्या आहेत. तिथला पोस्टमन कसा जगतो कोण जाणे.

पैसे अडले की पुण्याचा एचआर म्हणतो, हा निर्णय मूळ कंपनीचा. मूळ कंपनी म्हणते, तुम्ही आमचे कर्मचारीच नव्हे, भारतीय शाखेचे. कोर्टात जावं, तर तिकडचा हुकूमनामा इथे थेट बजावता येत नाही. आपल्या दिवाणी संहितेच्या 44अ कलमाखाली ब्रिटन, सिंगापूर, अमिराती येतात, अमेरिका नाही. देशातल्या देशातही फार आशा नको. करारात मुंबईचं कोर्ट लिहिलं असेल तर पाटण्याच्या बँक कर्मचाऱ्यानेही मुंबईलाच यावं, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये सांगून टाकलंय.

तेव्हा कोर्टाचं सोडा, साध्या मेलने विचारा. उत्तर नम्र येतं: वर विचारलंय, पण तिकडे आत्ता रात्र आहे. कामाचा कॉल लावताना मात्र कंपनीला रात्र आपलीच सापडते.